भाऊजींची गरम वाइन

माझे थोरले दीर, म्हणजे आमचे भाऊजी, रिटायर झाल्यावर एक हिवाळा मुलाकडे जर्मनीत राहून आले आणि तेव्हापासून इंदूरची थंडी त्यांना थंडी वाटेनाशी झाली. डिसेंबरात आम्ही शाली गुंडाळून बसलो की ते हाफ शर्टात बाल्कनीत उभे राहून खालच्या लोकांना विचारत, ‘‘इसको ठंड बोलते हो आप लोग?’’ परतल्यानंतरच्या पहिल्याच नाताळात त्यांनी जाहीर केलं, की सुट्टीच्या दिवशी घरी मसाल्याची गरम वाइन होणार, अगदी तिकडच्या बाजारात मिळते तशी.

वाइन जवळच्या महू गावातून आणली. इंदुरात दुकानं नाहीत असं नाही, पण तिथे कुणीतरी ओळखीचं भेटतंच. महूतसुद्धा भाऊजी गाडीत तोंड वळवून बसले आणि दुकानात माझ्या नवऱ्याला पाठवलं. आपलं घराणं एकेकाळी दरबारी होतं, याची आठवण त्यांना नेमकी दारूच्या दुकानासमोर होते.

संध्याकाळी भाऊजींच्या घरी आम्ही दोघं आणि कॉलनीतली दोन जोडपी जमलो. दूध तापवायच्या भगोन्यात वाइन, संत्र्याच्या चकत्या, दालचिनी, लवंगा आणि साखर पडली. भाऊजी गॅसकडे पाठ करून आम्हाला समजावू लागले, की हिला उकळी येऊ द्यायची नसते, नाहीतर दारू उडून जाते. सगळी कला तिथेच आहे. मग बर्फ, चर्चच्या घंटा, लोकांची शिस्त असं सगळं निघालं. मागे भगोना खदखदत होता. माझी जाऊ दोनदा म्हणाली, ‘‘अहो, उकळतंय.’’ त्यांनी हात वर करून तिला थांबवलं. वर्णन संपलं तेव्हा वाइन निम्मी उरली होती. पाहुण्यांना कमी पडेल म्हणून भाऊजींनी वरून पाणी घातलं.

ग्लासात आलं ते लवंगेचं गोड पाणी. तरी दोन घोटांत एका शेजाऱ्याची जीभ जड झाली. दुसरे शेवेची वाटी मांडीवर घेऊन ‘‘भिया, तुम तो अपने भाई हो’’ म्हणत भाऊजींच्या गळ्यात पडले. माझा नवरा, ज्याला खरी दारू चांगली माहीत आहे, तोही भिंत धरून चालू लागला.

मग जाऊ बोलली. माझं लग्न झाल्यापासून चारचौघांत तिने नवऱ्याचं वाक्य खोडलेलं मी पाहिलं नव्हतं.

‘‘तुम्ही तिथे वाइन प्यायलाच नाहीत,’’ ती म्हणाली. ‘‘पोटाला सोसणार नाही म्हणून मुलांसाठीचा रस घेतलात. आणि बाजारात आपण एकदाच गेलो. बाकी हिवाळाभर तुम्ही सोफ्यावर होतात.’’

मग भाऊजी हसून म्हणाले, ‘‘हिला चढली.’’ सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. जाऊ म्हणाली, ‘‘असेल,’’ आणि तिने ग्लास पुन्हा पुढे केला.

नंतर स्वयंपाकघरात मी तिला विचारलं, खरंच चढली का?

‘‘त्यात होतं काय चढायला?’’ ती भगोना घासत म्हणाली. ‘‘पण सगळ्यांनाच चढत होती. म्हटलं, आपणही बोलून घ्यावं.’’

सकाळपर्यंत बातमी देवासला नणंदेकडे पोचली. तिने फोन करून जाऊला घराण्याच्या इभ्रतीवर बरंच ऐकवलं. जाऊने फोन स्पीकरवर ठेवून मेथी निवडली. भिंत धरून चालणाऱ्या माझ्या नवऱ्याला मात्र कुणाचाही फोन आला नाही. रसाचा विषय तर घरात कुणीच काढला नाही. सगळ्यांना कीव आली ती भाऊजींची.

या हिवाळ्यात जाऊ एकटीच मुलाकडे गेली आहे. घर बंद ठेवणं बरं नाही, कुणीतरी इथे हवं, असं तिने सांगितलं आणि तिकीट काढलं. भाऊजी रोज आमच्याकडे जेवायला येतात. पोळी गार लागली की तिकडच्या ब्रेडबद्दल सांगू लागतात. मी त्यांना गॅस कुठे आहे ते दाखवते.