शिव्यांचे धनी सोमाजीभाऊ

मंडईच्या नाटकाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सोमाजीभाऊ चहाला निघायचे. आदल्या दिवशी ज्या बाईनं त्यांना सगळ्यांत मोठ्यानं शिव्या घातल्या असतील, तिचं घर पहिलं. "कालची शिवी मनापासून देल्ली होती ना बाई, का उगीच?" असं विचारत ते ओसरीवर फतकल मारत. बाई पदराआड हसे आणि त्यांच्या चहात साखर जरा जास्तच घाले.

दिवाळीनंतर आमच्याकडे गावोगाव मंडई, म्हणजे एका दिवसाची जत्रा, भरते. घरोघर पाहुणे येतात, आणि मंडई म्हटली की नाटक आलंच. आमच्या गावचं नाटक मी बसवायचो आणि खलनायक ठरलेला असे, सोमाजीभाऊ. एरवी हा माणूस गोरेगावच्या आठवडी बाजारात बांगड्या भरायचा. ज्या हातांनी नाटकात सुनेला फरफटत नेलं, त्याच हातांत बाया पुढच्या बाजारी निमूटपणे मनगट देत. काच पिचू न देता बांगडी चढवण्यात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता.

एका वर्षी मंडळातल्या पोरांनी टूम काढली, की इतका वाईट माणूस आता लोक पाहत नाहीत, त्याला काही दुःख दाखवा. मलाही ते पटलं. खलनायक लहानपणी उपाशी कसा झोपला, असा एक प्रवेश मी लिहून काढला. सोमाजीभाऊंनी तो ऐकला, तंबाखू-सुपारीचा खर्रा दाढेखाली सरकवला आणि म्हणाले, "कारन देऊ नका, गुरुजी. कारन देल्लं का लोकं माफ करतेत. माफ केलेल्या मानसाले कोन पाहत बसते?" मी हुज्जत घातली. ज्याच्याबद्दल जीव तुटत नाही, त्याच्यासाठी प्रेक्षकानं का बसावं? त्यांचं म्हणणं, नायक काय करणार हे लोकांना घरून निघतानाच ठाऊक असतं, डोळा असतो तो दुसऱ्यावर. प्रवेश गेला आणि मी चार दिवस फुगून बसलो. त्यांच्या घरी टीव्हीवरच्या मालिकेत एखादी कपटी जाऊ सासूच्या पाया पडून रडायला लागली, की ते मुलीला सांगत, "दुर्गे, बंद कर. हिच्यात आता जीव नाई राह्यला."

दुर्गा ही त्यांची एकुलती एक. आई लहानपणीच गेलेली. आमच्या भागात सोयरिकी मंडईतच जुळतात. पाहुणे येतात, मुलगी पाहतात, नाटक पाहतात आणि सकाळी होकार कळवून जातात. त्या वर्षी दरेकशाहून दुर्गाला पाहायला आले. मुलगा चांगला, मुलाच्या आईला दुर्गा आवडलेली, आणि मुख्य म्हणजे दुर्गालाही मुलगा आवडलेला. उरला होता फक्त सकाळचा निरोप.

सोमाजीभाऊंच्या वाट्याला त्या वर्षी गरोदर सुनेला घराबाहेर काढणारा सासरा होता. मी त्यांना बाजूला घेऊन म्हटलं, आजच्या दिवस जरा हातचं राखून करा, होणारी विहीण समोर बसणार आहे.  ते म्हणाले, "अर्धी बांगडी भरता येते का, गुरुजी?"

त्यांनी काम केलं ते अजून डोळ्यांसमोर आहे. सुनेला काढताना ते ओरडले नाहीत. जेवता जेवता, भातावर वरण ओतत, शांतपणे "जाय" म्हणाले. मांडवात शिवी द्यायचंही कुणाला सुचलं नाही. मुलाची आई उठली आणि मुलाला घेऊन निघून गेली.

सकाळी निरोप आला. बाईनं कळवलं होतं, की असं बोलता येतं म्हणजे ते पोटात असणारच, अशा घरची मुलगी आम्हाला नको. शहाण्या माणसांनी जाऊन समजावलं, की ते नाटक होतं हो. नाटक होतं हे मलाही कळतं, बाई म्हणाली, आणि ते लोक सकाळच्या गाडीनं गेले. सोमाजीभाऊ त्या दिवशीही चहाला निघाले, पण शिवी दिलेलं घरच नव्हतं. नाक्यापर्यंत जाऊन परत आले. दुर्गाशी ते याविषयी काही बोलले का, मला माहीत नाही. तिचं लग्न पुढे झालंच नाही. ती बापाशेजारी बाजारात बसू लागली.

मागच्या उन्हाळ्यात सोमाजीभाऊ गेले. शोकसभेत सगळे एकच बोलले, की स्टेजवर राक्षस, पण माणूस देव. मीही तेच बोललो. मला रडू येत नव्हतं, आपलं तोंड कुणीतरी दुसरंच चालवतंय असं वाटत होतं. लोक पांगल्यावर दुर्गा जवळ आली. आवाज कोरडा होता.

"बाबाले देव कायले म्हनता, गुरुजी? मी समोर बसली होती, हे त्याइले दिसून राह्यलं होतं. तरी केलं. मी अजून माफ नाई केलं."

 सांत्वनाचं एकही वाक्य मला खरं वाटेना. ती चपला घालायला वाकली आणि तशीच, माझ्याकडे न पाहता म्हणाली,

"ते बाई उठून गेली. मलेही उठाचं होतं. पन पुढं काय करते हा मानूस, हे पाहाचं होतं मले."