साहेब म्हाईला आले

आमचं गाव नकाशात एक होतं, डोंगरावर मात्र ते सापडत नसे. पाच-सहा घरं खिंडीत, दोन-चार माळावर, काही देवळाजवळ आणि आमचं सगळ्यांपासून लांब, ओढ्यापलीकडं. शेजारणीशी भांडायचं म्हटलं तरी चढ चढून जावं लागे आणि वर पोचेपर्यंत निम्मा राग दम लागण्यातच जाई. त्यामुळं आमच्याकडं भांडणं कमी होती. बाहेरचे लोक याला गावाची एकी म्हणत.

कोल्हापूर संस्थान विलीन झालं आणि काही वर्षांनी ग्रामपंचायत नावाची नवी गोष्ट आमच्या डोंगराकडं निघाली. पुरेशी वस्ती असेल त्या गावाला स्वतःची पंचायत मिळणार, नसेल त्याला शेजारच्या मोठ्या गावात घालणार, असं कळलं. आमचं शेजारचं मोठं गाव म्हणजे नदीपलीकडचं खालचं गाव. त्यांना आम्ही बेडकं म्हणत असू, ते आम्हाला वानरं म्हणत. मुली मात्र एकमेकांकडंच द्यायच्या, त्यामुळं बोलणं तोडून कुणाचंच भागत नसे.

माझं घोडं पाचवीपाशी अडलं होतं. देवळाच्या ओवरीत भरणारी आमची शाळा चौथीपर्यंतच होती आणि माझी चौथी नुकतीच झाली होती. गुरुजी म्हणत, गावाला स्वतःची पंचायत मिळाली तर पाचवीचा वर्ग मागता येईल. नाहीतर पाचवी खालच्या गावात, आणि पावसाळा लागला की मधली नदी कुणाला पलीकडं जाऊ देत नसे. आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, दोन वाक्यांत निकाल दिला, "गावात वर्ग आला तर शीक. पोरीच्या जातीला नदी वलांडून साळा न्हाय." आई भाकरी थापत राहिली. मी बोलले आणि धपाटा खाल्ला.

वस्ती बघायला कोल्हापुराहून साहेब येणार असा निरोप आला, तेव्हा पाटलांनी सगळ्यांना देवळात बोलावलं. "गाव भरल्यालं दिसलं पायजे," ते म्हणाले. भरायचं कशानं, हा प्रश्न होता. मग पाटलांच्याच डोक्यातून ती कल्पना निघाली. म्हाई त्याच दिवशी घालायची! म्हाई म्हणजे आमच्या गावची जत्रा. देवीला बकरं आणि झाडून सगळ्या पै-पाहुण्यांना जेवण. देवीला कौल लावला. फूल आधी डावीकडं पडलं, पण ते वाऱ्यानं पडलं असं सर्वानुमते ठरलं आणि पुन्हा लावल्यावर ते मुकाट्यानं उजवीकडं पडलं.

म्हाईच्या दिवशी डोंगर माणसांनी फुलला. लेकी, जावई, व्याही, व्याह्यांचे व्याही. इतकी माणसं त्या माळावर मी पुन्हा कधी पाहिली नाहीत. मी हरखून गेले होते. पाचवीचं पुस्तक आता हातात आलंच, असं मला वाटत होतं.

साहेब सायकल खालीच ठेवून चढण चढत आले. त्यांना थेट देवळात आणायचं असं पाटलांनी ठरवलं होतं. पण म्हाईच्या दिवशी दारावरून जाणारा माणूस उपाशी सोडायचा नाही, हा आमचा कायदा सरकारच्या कायद्याहून जुना. खिंडीतल्या पहिल्याच घरानं त्यांचा हात धरला.

"पावणं, चला जेवाय."

"मी सरकारी कामाला आलोय."

"काम कुटं पळून जातंय व्हय? बसा."

"अहो, मी माळकरी आहे!"

हे ऐकून त्या घरावर क्षणभर सुतकच आलं. माळकऱ्याला काय वाढायचं! पण आमच्या बायका हार मानणाऱ्यातल्या नव्हत्या. साहेबांपुढं शेवयांची खीर आली, वर तांब्याभर दूध आलं. त्या घरातून सुटले ते दुसऱ्या घरात सापडले. खीर, दूध. तिसऱ्यात पुन्हा खीर. देवळाशी पोचले तेव्हा त्यांनी टोपी काढून हातात घेतली होती आणि कंबरेचा पट्टा सैल केला होता.

पारावर माणसंच माणसं बसलेली बघून ते खूश झाले. पाटील शेजारी छाती पुढं काढून उभे. साहेबांनी समोरच्याला सहज विचारलं, "काय, इथलेच ना तुम्ही?"

समोर बसला होता माझ्या आत्तीचा, म्हणजे आबांच्या बहिणीचा, नवरा, खालच्या गावचा. आमच्याकडं त्यालाही मामाच म्हणतात. "आमी? हितलं?" तो गरजला. "ह्या वानरांत मोजताय व्हय आमाला? आमी खालच्या गावचं, पावणं!"

पाटलांनी डोळा मारला. "पाटील, डोळ्यात काय गेलं काय?" मामानं मोठ्यांदा विचारलं.

साहेब पुढच्याकडं वळले. तो भोगावतीकाठचा. त्याच्या पुढचा पन्हाळ्याकडचा. सगळा पार आपापल्या गावाचं नाव छाती फुगवून सांगत सुटला. पाटलांनी बकऱ्यापासून कौलापर्यंत सगळ्याचा विचार केला होता, पण 'आमच्याच गावचे म्हणून सांगा' असं पाहुण्यांना बजावायचं कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. आणि बजावलं असतं तरी उपयोग नव्हता. आमच्या भागातला माणूस एक वेळ शेताचा बांध सोडेल, पण आपल्या गावाचं नाव सोडून दुसरं सांगणार नाही.

"मग या गावची माणसं कुठं आहेत?" साहेबांनी विचारलं.

"ती व्हय?" मामा म्हणाला. "ती वाढाय लागल्यात की!"

खरंच होतं ते. यजमान चुलीपुढं, हंड्यांपाशी, पाण्याच्या वाटेवर. पारावर बसायला त्यांच्यातला एकही मोकळा नव्हता.

साहेब पोट धरून हसले. खिरीमुळं त्यांना ते जड जात होतं. "पाटील, पाहुण्यांवर पंचायत देता आली असती तर तुम्हाला नगरपालिकाच दिली असती," ते म्हणाले. मग गंभीर होऊन त्यांनी सांगितलं की गाव खालच्या गावात जाईल, दुसरा इलाज नाही. पाटलांनी मान खाली घातली, मग म्हणाले, "बरं. पर जेवण कसं झालं?"

मी ओवरीच्या खांबाला धरून रडले. मग रडणं संपलं आणि संताप आला. मामाच्या पंगतीत भात वाढायची पाळी माझ्यावर आली तेव्हा त्याचं ताट तेवढं सोडून मी पुढं गेले. बायकांनी खोदून विचारल्यावर कारण बाहेर पडलं. "आता मला काय ठावं," मामा ओशाळून म्हणाला, "पोरीची साळा माझ्या तोंडावर हाय म्हणून!" आत्ती मात्र माझ्याकडं बघत राहिली.

उन्हं कलली तशी पाहुण्यांची बोळवण सुरू झाली. माहेरी आलेल्या लेकीला रिकाम्या हातानं लावून द्यायचं नाही, म्हणून आईनं आत्तीसाठी लुगडं आणलं. आत्तीनं ते बाजूला सारलं.

"दादा, औंदा मला लुगडं नगो. ही पोरगी दे. माझ्याकडं ऱ्हाईल, साळंला जाईल."

सगळे पाहुणे बघत होते. दारात उभ्या बहिणीला आबा नाही कसं म्हणणार? तरी म्हणाले, "लोकं काय म्हणतील?"

"लोकं आत्ताच तुझं मटान खाऊन उठल्यात. म्हईनाभर तरी कायबी म्हणत न्हाईत."

"मग जूनमदी धाडतो."

"जूनमदी नदीला पाणी ईल आन् तुझ्या डोक्यात इचार. आज उतार हाय."

आबांनी आईकडं बघितलं. ती आत गेली आणि माझं गाठोडं घेऊन बाहेर आली. ते तिनं कधी बांधलं होतं, मला आजही माहीत नाही.

आबा आम्हाला नदीपर्यंत पोचवायला आले. गुडघाभर पाण्यातून त्यांनी मला खांद्यावर बसवून पलीकडं नेलं. मला आता शाळाही नको होती आणि आत्तीही नको होती. मी त्यांच्या मुंडाशाला गच्च धरून ठेवलं होतं. काठावर उतरवताना ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "न्हाय जमलं तर सरळ माघारी ये. घर हाय तुझं."

मग गाठोडं माझ्या हातात देण्यासाठी वाकले आणि फक्त मला ऐकू येईल एवढ्याच आवाजात म्हणाले, "पर जमव."