पंडुमच्या दिवशी गेलेला अर्ज

त्या दिवशी मी देवीवर चिडले होते, हे आधी सांगते. धानोऱ्याच्या पुढे जंगलात आमचं गाव. पंडुमच्या सणाला नवा आंबा आधी देवीला चढतो, मग आमच्या तोंडात. पूजा आटोपेपर्यंत गावाची शीव कोणी ओलांडत नाही. आणि नेमकी त्याच दिवशी संध्याकाळी पाचला माझ्या नातीच्या अर्जाची मुदत संपणार होती.

नॉर्वेच्या विद्यापीठात तिला बांबूच्या मुळाशी जगणाऱ्या बुरशीवर संशोधन करायचं होतं. तिथे डॉक्टरेट करणाऱ्याला पगार मिळतो. ऐकून मी म्हटलं होतं, "शिकाचा पगार? मंग मी चौथीतच काऊन सोडली?" शिफारसपत्र उशिरा आलं. आदल्या दिवशी ती अर्ज पाठवायला धानोऱ्याला निघाली, तर मीच अडवलं. "घरी नेटवर्क आहे ना? पंडुम झाल्यावर जाजो." सकाळी नेटवर्क गेलं. पोरगी फोन उंच धरून अंगणभर फिरत राहिली. ते पाहून मला लागलं.

मी तडक देवीकडे गेले. "माये, माही अक्कल संपली. आता तूच पाय," एवढंच म्हटलं.

बाजूला पूजा करणाऱ्या गायत्याशी एक परका माणूस हुज्जत घालत होता. शाळेवर इंटरनेटची छत्री बसवायला तो आदल्या दिवशी आला होता. अंधार पडला म्हणून राहिला आणि सकाळी शिवेवर अडकला.

"बाबा, जाऊ द्या ना मले!"

"पूजेआधी नाई. बस, जेव."

मी विचारलं, "भाऊ, थे छत्री चालते का?"

"बसवली, आजी. चालू कराचं काम दुसऱ्याचं."

"तुले येते का?"

"येते."

"मंग बसून काऊन राह्यला?"

तो हसला आणि उठला. साडेचारच्या सुमारास अर्ज गेला. नात अशी किंचाळली की गायता ओरडला, "हळू वो पोरी, देवी दचकन!"

मागच्या आठवड्यात तिची निवड झाल्याचं पत्र आलं. अर्ज पोरीनं लिहिला, छत्री त्या भल्या माणसानं चालू केली, हे मला कळतं. पण ज्या शिवेनं तिला अडवलं, तिनंच त्यालाही थांबवून ठेवलं. आयुष्यभर मी देवीला काय करायचं ते सांगत आले. त्या दिवशी मला काही सांगताच आलं नाही, आणि त्याच दिवशी काम झालं.

पत्र आल्यावर धावतच देवीकडे गेले. हात जोडले, पण मागायला काही आठवेना. तशीच हसत उभी राहिले.