जत्रेच्या दिवशी फाटकावर

सन १९९८, पौष महिना, म्हशाच्या जत्रेचा दुसरा दिवस. स्थळ: मुरबाडजवळचं माझं माहेर. सकाळी सहाला घरात हजर: मी, आई आणि धाकटा भाऊ. वडील गैरहजर, पहाटेच बैल बघायला म्हशाला गेलेले.

भावाने आयटीआयचा फिटरचा कोर्स करून दोन वर्षं झाली होती. उन्हाळ्यापर्यंत नोकरी लागली नाही तर दाखले पेटीत ठेवायचे आणि शेतीला लागायचं, असं वडिलांनी सांगून टाकलं होतं. हातातलं काम विसरत चाललोय, असं भाऊ मला म्हणायचा.

मी शहापूरला टायपिंगच्या क्लासात शिकवत होते. अर्ज टाइप करायला येणाऱ्यांना सांगायचे, नोकरी लागली की कधी आणि कशी लागली ते येऊन सांगा. ते वहीत उतरवून ठेवायचे. पोस्टाने पाठवलेल्या एकाही अर्जाला बोलावणं आलं नव्हतं. सोमवारी घोळक्याने कारखान्याच्या फाटकावर जाणाऱ्यांना वॉचमनच परत पाठवायचा. ज्यांना लागली ते एकेकटे गेलेले, सुपरवायझर चहाला बाहेर येतो त्या वेळी. आणि बरेचसे लावणीच्या किंवा जत्रेच्या दिवसांत. कारण उघड होतं. त्या दिवसांत आपल्याकडची माणसं कामावर जात नाहीत, आणि मशीन बंद ठेवून चालत नाही. लावणीला भाऊ आमच्याच शेतात लागायचा. उरली जत्रा.

"ताई, आख्खा गाव म्हशाला, न् मी एकटा फाटकावर? लोक काय म्हणतील गो?"

"म्हणतील, येडा हाय. तू बूट घाल."

"देवाकडं पाठ करून चाललाय," आई चुलीपुढून म्हणाली. "निदान नारळ तरी..."

"नारळ बाबा फोडतील. बैल काय ते आणायचे नायत. दरसाल नुसते दात बघून येतात."

आई हसली आणि तिने भाकरी बांधून दिली. मी पिशवी तपासली: दाखल्यांच्या दोन-दोन झेरॉक्स, फोटो, पेन, आणि आजच कामावर उभं केलं तर असावेत म्हणून कामाचे कपडे.

पुढचं भावाने सांगितलं. दहाच्या सुमाराला सुपरवायझर टपरीवर आला. भावाने अर्ज काढला नाही. ठरल्याप्रमाणे एवढंच विचारलं, "साहेब, आज फिटर कमी हाय का?"

"कुठला तू?"

"इथलाच."

"इथला न् जत्रेला नाय? आजारी हायस काय?" त्याने बूट पाहिले आणि चहा संपवून भावाला आत नेलं.

चार दिवसांचं काम होतं. चौथ्या दिवशी, रोज येत जा, असं सांगितलं. त्या रात्री भाऊ ताटावर बसून हे सांगत होता. वडीलही होते, अर्थात बैलाशिवाय आलेले.

"कोणाच्या जागंवर रे?" आईने विचारलं.

सिद्धगडाच्या पायथ्याच्या एका गावातला फिटर होता. सुपरवायझरला सांगून जत्रेला गेलेला. परतला तेव्हा, बोलावू तेव्हा ये, म्हणून कारखान्याला माणसं पुरवणाऱ्या ठेकेदाराने त्याला फाटकावरूनच माघारी लावलं होतं.

"रजा मागून गेलेला ना तो?" वडील म्हणाले. भाऊ म्हणाला, "मी नाय गेलो तर दुसरा कोणतरी जाईल." तेही खरंच होतं. दुसऱ्या दिवशी तो कामावर गेला.

कोणाची जागा रिकामी झाली, हे मी कधी कोणाला विचारलंच नव्हतं. त्या आठवड्यात मी त्या फिटरसाठी अर्ज टाइप केला. फिटर घेणारे आणखी दोन कारखाने मला माहीत होते. कोणत्या वेळी जायचं, कोणाला भेटायचं, तेही कागदावर लिहिलं. भावाने त्याच्या गावाचा पत्ता आणला, त्यावर दोन्ही पाठवून दिलं. पुढे भाऊ कायम झाला, त्याचं लग्न झालं, माझा क्लास संगणकांमुळे बंद पडला. त्या गावाला एसटी दिवसातून दोनदा जाते. जायला-यायला एक दिवस पुरे.

त्याला काम मिळालं का, हे विचारायला अजून गेलेले नाही.