सशांचा पोळा

हे सांगायचं मी इतकी वर्षं टाळलं. मुलगी विचारायची, "आई सशांचं सांगायची ते काय होतं?" मी म्हणायचो, "होते दोन. एक मेला." आणि विषय बदलायचो. आता बायको नाही, तेव्हाची शेजारची मावशीही नाही. टाळण्याचाही थकवा येतो.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. दौंडला मालधक्क्यावर मी कारकून होतो. रेल्वेच्या चाळीत दोन खोल्या आणि मागं थोडं अंगण. बदली झालेल्या एका ड्रायव्हरनं जाताना सशांची जोडी आमच्याकडं सोडली, एक पांढरी मादी आणि एक करडा नर. मला त्यांचं काही नव्हतं. बायकोला मात्र लळा लागला. तेव्हा आम्हाला मूल नव्हतं.

ससे सांभाळायचं तिला कुणी शिकवलं नव्हतं, ती बघून बघून शिकली. सकाळी उठली की आधी खुराड्यातल्या लेंड्या बघायची. गोल, कोरड्या, भरपूर असल्या की निर्धास्त. बारीक किंवा कमी दिसल्या की त्या दिवशी हिरवं बंद, फक्त वाळलेलं गवत. पहाटे ससा मान खाली घालून स्वतःचीच मऊ लेंडी खायचा. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी म्हणालो, "काय घाणेरडं जनावर!" ती म्हणाली, "गाय रवंथ करते तेव्हा नाही घाण वाटत? त्याचं पोट तसंच आहे." एकदा मी बिस्कीट टाकलं तर माझ्या हातावर चापट मारली. "अहो, पिठाचं, गोडाचं काही द्यायचं नाही. किती वेळा सांगू?"

सशांसाठी घास आणायची शेजारची मावशी. तिचा नवरा गँगमन होता. भीमेकाठी तिच्या भावाचं रान होतं, तिथून ती रोज लसूणघासाची पेंडी आणायची आणि ओल्या घासानं पोट फुगतं म्हणून सावलीत सुकवूनच आमच्या दारात ठेवायची. बायकोला ती लेक मानायची, म्हणून मला जावईबापू म्हणायची. "काय जावईबापू, सशांना घास मी आणायचा, आन् तुम्ही नुसतं इस्त्रीची घडी संबाळत बसायचं व्हय?"

मावशीचं घर बौद्धांचं. चाळीतल्या काही बायकांना तिचं आमच्या स्वयंपाकघरापर्यंत येणं खुपायचं. बायकोनं त्यांना कधी जुमानलं नाही. हे सगळं मला माहीत होतं, हे आधीच सांगून ठेवतो.

माझं घर तळेगाव ढमढेऱ्याकडचं, शेतकऱ्याचं. आमच्याकडं पोळा भाद्रपदात. त्या वर्षी रजा मिळाली नाही. पोळ्याला बैलाच्या तोंडात पुरणपोळी घातल्याशिवाय मी कधी जेवलो नव्हतो. बायकोनं पुरण घातलं होतं, पण पोळी भरवायला दावणच नव्हती. ती नळावर पाण्याला गेली आणि मी ताट घेऊन अंगणात आलो. दोन्ही सशांच्या कपाळाला कुंकू लावलं, पोळीचे तुकडे पुढं केले. मादीनं अधाशासारखे खाल्ले. करड्यानं थोडं हुंगून चाटलं. मला बरं वाटलं, घरी गेल्यासारखं. कुंकू ओल्या फडक्यानं पुसून टाकलं, म्हणजे बायको हसायला नको.

दुसऱ्या दिवशी खुराडं कोरडं. एक लेंडी नाही. मादी कोपऱ्यात अंग चोरून बसलेली, दात करकर वाजवत होती. पोट टम्म फुगलं होतं. बायकोनं पोट चोळलं, चमच्यानं ओव्याचं पाणी पाजलं. शेवटी टोपलीत घालून जनावरांच्या दवाखान्यात नेलं.

डॉक्टर म्हणाले, "ससा? मी म्हशी बघतो, बाई." तरी पोट दाबून पाहिलं. "आत सगळं थांबलंय. पिठाचं, गोडधोड काही गेलंय का?"

बायको म्हणाली, "छे, घरात कुणी देत नाही." आणि माझ्याकडं पाहिलं.

मी म्हणालो, "गवतच खातात. मावशी आणतात तो घास पावसानं ओला असेल का?"

मी विचारलं फक्त. खोटं बोललो असंही कुणी म्हणू शकलं नसतं.

मादी संध्याकाळी गेली. करड्याला बायकोनं वाळल्या हरळीवर ठेवलं. त्यानं चार लेंड्या टाकल्या तेव्हा ती खुराड्यापाशी बसून रडली. मग उठून मावशीच्या दारात गेली. मला आतून ऐकू येत होतं.

"मावशी, ओला घास दिलात तुम्ही."

"न्हाई गं पोरी. सुकवल्याबिगर कवा दिला मी?"

"मग पोट कशानं फुगलं?"

तेवढ्यात नळावरची एक बाई बोलली, "तरी आम्ही म्हणत होतो, त्यांच्या हातचं घेऊ नका." बायको तसं कधीच बोलली नसती. पण त्या वेळी तिनं त्या बाईला गप्पही केलं नाही. मावशीनं दार लावून घेतलं.

मी उंबऱ्यापर्यंत आलो होतो. बाहेर पडून दोन वाक्यं बोललो असतो तर सगळं मिटलं असतं. मी परत आत जाऊन बसलो.

पुढं घास मी बाजारातून आणू लागलो. करडा जगला. बायकोला चाळीत दुसरी मैत्रीण झाली नाही. बदली होईपर्यंत दोघी एकाच नळावर पाणी भरायच्या, न बोलता.

निवृत्तीनंतर आम्ही शिरूरला राहिलो. एकदा एसटी स्टँडवर मावशी भेटली. लेकीकडं आली होती, नजर अधू झालेली. आवाजावरून मला ओळखलं. जावईबापू म्हणाली नाही.

"बाबूसाहेब, तुमच्या मंडळींना येक सांगा. मी ओला घास दिला न्हवता. तिला येवढं कळलं तरी लई झालं."

"सांगतो," मी म्हणालो. तिची पिशवी गाडीत चढवून दिली.

सांगितलं नाही. बायको शेवटपर्यंत तेच धरून गेली. मावशी गेल्याचं मला फार उशिरा कळलं. स्टँडवर भेटली त्या दिवशी गाडी सुटेपर्यंत मी तिच्या खिडकीखाली उभा होतो. ओठांवर येऊन अडलेलं एवढंच होतं: मावशी, घास सुका होता हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. मला माफ करा.