पाणी कधीच येत नाही अशी सोसायटी

विमा हा परम सद्भावाचा करार आहे. विमा घेणाऱ्याने सगळं खरं सांगायचं आणि कंपनीने त्यावर विश्वास ठेवायचा. हे मी बोरिवलीतल्या एका सोसायटीच्या ऑफिसात, रविवारी सकाळी, पुरेशा गांभीर्याने सांगितलं. चेअरमन परबसाहेबांनी मान डोलावली.

"अगदी बरोबर, मॅडम. आता तिथे 'नाही' लिहा."

'तिथे' म्हणजे प्रपोजल फॉर्मवर. प्रपोजल फॉर्म म्हणजे विमा मागण्याचा अर्ज. त्यात एक साधा प्रश्न होता : यापूर्वी इमारतीत किंवा आवारात पाणी शिरलं आहे का?

ही सोसायटी खाडीपासून चालत पाच मिनिटांवर. भरती आणि मोठा पाऊस एका वेळी आले की नाल्याचं पाणी खाडीत जायचं थांबतं आणि मागे फिरतं. मागे फिरलं की सगळ्यांत आधी या सोसायटीत येतं. ऑफिसला जाताना मी जिन्याखालची भिंत पाहिली होती. तिला गुडघ्याएवढ्या उंचीपर्यंतच नवा रंग होता. बावीस वर्षं मी विमा सल्लागाराचं काम करते आहे. अर्ध्याच भिंतीला रंग का देतात, हे मला कळतं.

"साहेब, पाणी आलेलं दिसतंय की."

"ते पाणी आलेलं नाही. ते साचलेलं."

"कंपनी दोन्हींना पाणीच म्हणते."

परबसाहेब पुढे झुकले. "हे बघा, 'हो' लिहिलं की बोभाटा होणार. उद्या कुणाला फ्लॅट विकायचा असेल तर? रेट पडतो ना."

'कुणाला' म्हणजे त्यांनाच. सातव्या मजल्यावरचा त्यांचा फ्लॅट विक्रीला होता. 'खाडीचा विहंगम देखावा' अशी जाहिरात गेटवरच लावलेली होती. एकच खाडी गिऱ्हाइकाला दाखवायची आणि विमा कंपनीपासून लपवायची, हे कौशल्य माझ्याकडे नाही. मी फॉर्म बंद केला. खोट्या उत्तरावर पॉलिसी मिळते, क्लेम मिळेलच असं नाही, एवढं सांगितलं आणि उठले. पुढच्या आठवड्यात त्यांनी दुसरा एजंट आणला. त्याने चहा येण्याआधी 'नाही' लिहून दिलं, असं कळलं.

कळलं ते कांबळेताईंकडून. त्या तळमजल्यावर राहतात, महापालिकेच्या दवाखान्यात नर्स आहेत. त्या रविवारी ऑफिसच्या दारात उभ्या राहून त्यांनी सगळं ऐकलं होतं. मी बाहेर पडले तशा म्हणाल्या, "मॅडम, जरा माझं घर बघून जा."

फ्रिज चार विटांवर. वॉशिंग मशीन स्टीलच्या स्टँडवर. लोखंडी कपाटाला खालून हातभर गंज. घरात आजवर दोनदा पाणी आलेलं. दुसऱ्या वेळी, दोन वर्षांपूर्वी, पलंग, गाद्या, मुलीची पुस्तकं, सगळं गेलं होतं. नुकसानभरपाई शून्य.

"पॉलिसी नव्हती?"

"होती ना! बँकेने कर्ज देताना काढायला लावलेली. आणि परबसाहेब म्हणालेले, सोसायटीची पण आहे, काळजी करू नका."

मी दोन्ही कागद पाहिले. दोन्ही पॉलिसी इमारतीच्या, म्हणजे भिंती, छत, वायरिंग, पाइप यांच्या. घरातलं सामान दोन्हींत नव्हतं. बाईंच्या भिंतींचा दोनदा विमा होता आणि फ्रिजचा एकदाही नव्हता. फ्लॅटमध्ये राहणाऱ्या दहातल्या नऊ जणांना हा फरक कुणी सांगितलेला नसतो. बँकेला आपलं कर्ज सुरक्षित हवं असतं आणि कमिटीला सर्क्युलर काढून मोकळं व्हायचं असतं. मला राग येतो तो इथे.

आम्ही त्यांच्या सामानाची वेगळी पॉलिसी करायला घेतली. पाण्याचा प्रश्न आला. त्यांनी विचारलं, "खरं लिहिलं तर देतील?"

"थोडा प्रीमियम जास्त लागेल. कदाचित बघायला माणूस येईल."

"मग 'हो' लिहा. दोन्ही वेळचं लिहा."

माणूस आला, विटा मोजल्या, फोटो काढले. पॉलिसी मिळाली. पण तो माणूस आवारात फोटो काढताना परबसाहेबांनी पाहिला होता. संध्याकाळी ते कांबळेताईंच्या दारात.

"कांबळेबाई, ग्राउंड फ्लोअरवाल्यांनी आपल्या घरातलं पाणी घरात ठेवावं."

"ठेवलं होतं साहेब. दोन दिवस. जाईचना."

ऑगस्टमधल्या एका मोठ्या भरतीला पाणी आलं. तळमजल्यावर मांडीपर्यंत. विटा पुरल्या नाहीत, फ्रिज, वॉशिंग मशीन, पलंग पुन्हा गेले. लिफ्टचा खड्डा भरला, पाण्याचे पंप जळले, मीटरच्या खोलीची वाट लागली. ज्यांच्याकडे पाणी येत नाही ते वरचे लोक सात-सात मजले बादल्या घेऊन चढत होते.

दोन क्लेम गेले. एक कांबळेताईंचा, एक सोसायटीचा. नव्या एजंटने सोसायटीसाठी निवडलेली कंपनी नेमकी कांबळेताईंचीच होती. कंपनीच्या सर्व्हेअरसमोर, म्हणजे नुकसान तपासणाऱ्या माणसासमोर, एकाच पत्त्याचे दोन फॉर्म आले. एकात पाणी दोनदा आलेलं, दुसऱ्यात कधीच नाही. त्याने सोसायटीला खुलासा मागितला.

परबसाहेबांनी मलाही बोलावलं, बहुधा साक्षीदार म्हणून. जागा कांबळेताईंचं घर. ओल्या भिंतीशी प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसून ते कांबळेताईंना म्हणाले, "तुमच्या त्या 'हो'मुळे सोसायटीचा क्लेम अडकलाय."

मी तोंड उघडणार, तेवढ्यात त्यांनी खिशातून टाइप केलेलं पत्र काढलं. आधीच्या दोन्ही वेळी टाकी ओव्हरफ्लो झाली होती, गैरसमजाने पूर लिहिला गेला, असा मजकूर. खाली कांबळेताईंचं नाव आणि सहीसाठी जागा.

"सही करा. सोसायटीच्या भल्यासाठी. सगळ्यांचाच प्रश्न आहे ना."

"ताई, करू नका," मी म्हटलं. "याच्यावर सही केलीत तर तुमचा फॉर्म खोटा ठरतो. तुमचाही क्लेम जाईल."

"मॅडम, तुम्ही सोसायटीच्या अंतर्गत बाबीत..."

"साहेब," कांबळेताई मध्येच म्हणाल्या, "मागच्या वेळी माझ्या मुलीची पुस्तकं वाहून गेली, तेव्हा तुम्ही म्हणालात, तळमजला घेताना विचार करायला हवा होता. आठवतं? आता तुम्ही फॉर्म भरताना विचार करायला हवा होता." पत्र त्यांनी घडी घालून परत दिलं. "आणि जपून चढा. लाइट नाहीये जिन्यात."

त्यांचा क्लेम दीड महिन्यात मिळाला. गाद्यांवर थोडी काटछाट झाली, बाकी नीट. तेव्हापासून फ्लॅटवाल्यांना मी दोनच गोष्टी सांगते. पॉलिसी भिंतीची आहे की सामानाची, ते विचारा. आणि फॉर्म दुसऱ्याला भरू दिलात, तरी उत्तरं स्वतः वाचा.

सोसायटीचा क्लेम अजून 'विचाराधीन' आहे. त्या फॉर्मवर चेअरमन, सेक्रेटरी आणि खजिनदार अशा तिघांच्या सह्या आहेत. तिघांनीही कंपनीला लेखी कळवलं आहे की, आपण तो वाचला नव्हता.