चारच्या आत

ताडकळसच्या पोस्टात ट्रंक कॉल लावणारा तो कारकून कानाला रिसीव्हर दाबून, डोळे मिटून बसायचा. माझ्यासोबत आलेल्या माझ्या धाकट्या बहिणीला औरंगाबादला नर्सिंगला जागा मिळाली होती आणि त्याच दिवशी पाचच्या आत होकार कळवायचा होता.

"अर्जंट लावा, लगेच लागेल ना?" मी विचारलं.

"लगेचचं मी कुनालाच सांगत न्हाई. चारच्या आत लावून देतो, एवढा शब्द माझा. आधी लागला तर तुमचं नशीब."

सरकारी टेबलामागं इतकं सरळ बोलणारा माणूस मी पहिल्यांदाच पाहिला.

पावणेचारला तो खुर्चीतून उठलाच. "लागला! बोला, जोरात बोला!"

"येतेय ती! नक्की येतेय!" मी असा ओरडलो, की तिकिटांच्या रांगेतली माणसं हसायला लागली. बहीण रडत रडत हसत होती.

घामेजलेला कान पुसत तो तिला म्हणाला, "ताई, शिकून इकडंच या. इथलं इंजेक्शन लय दुखतंय."